घासल्याने चार्ज तयार होतो का, आणि अर्थिंग करूनही स्टॅटिक का जात नाही

तुमच्या आठवीतल्या मुलाने कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले आणि विचारलं की हा चार्ज आला कुठून, घासल्यावर इलेक्ट्रॉन जातात तर नेमके का जातात, आणि हाच कंगवा पावसाळ्यात का चालत नाही. शिवाय तुमचा स्वतःचा प्रश्न, की थंडीत गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, तो हजारो व्होल्टचा असतो म्हणतात, मग माणूस मरत कसा नाही. मी आधी कापड आणि नंतर प्लॅस्टिक फिल्मच्या लाईनवर मेंटेनन्स केलेला माणूस, माझा अर्धा पगार या स्टॅटिकनेच, म्हणजे वस्तूवर जागीच बसून राहणाऱ्या चार्जनेच, दिला म्हणा ना. त्यामुळे उत्तर जरा लांबेल आणि मधेमधे मशीनवर जाईल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे चार्ज कुणी तयार करत नाही. कंगवा आणि केस दोन्ही आधीपासूनच चार्जने खच्चून भरलेले आहेत, फक्त धन आणि ऋण सारखेच असल्यामुळे बाहेरून हिशोब शून्य दिसतो. घासल्यावर थोडंसं ऋण केसांकडून कंगव्याकडे सरकतं, कंगवा ऋण होतो आणि केस तेवढेच धन होतात. आपण कंगव्याकडेच बघतो म्हणून वाटतं की चार्ज उगवला, पण डोक्यावर उभे राहिलेले केस ही त्याच हिशोबाची दुसरी बाजू आहे. फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास हे ओळखलं होतं की एकाकडे जितकं जास्त झालं तितकंच दुसऱ्याकडे कमी झालेलं असतं, आणि फॅरडेने १८४३ मध्ये धातूची बादली वापरून ते चोख दाखवून दिलं. घासलेल्या दोन्ही वस्तू एकत्र बादलीत सोडल्या तर बाहेर लावलेला विद्युतदर्शी (चार्ज आहे का ते दाखवणारं साधन) हलत नाही, एकच सोडली तर हलतो.

आता किती चार्ज सरकतो ते बघा, कारण इथे लोकांचा अंदाज फार चुकतो. हवा साधारण दर सेंटीमीटरला ३० हजार व्होल्टला फुटते, म्हणजे त्यापेक्षा जास्त चार्ज पृष्ठभागावर टिकूच शकत नाही. त्यावरून हिशोब केला तर एका चौरस मीटरवर जास्तीत जास्त २६-२७ मायक्रोकूलंब (कूलंब हे चार्ज मोजायचं एकक) बसतात. ते इलेक्ट्रॉनमध्ये मोजले तर आकडा प्रचंड येतो, पण त्या चौरस मीटरवर नुसते वरच्या थरातले अणूच इतके असतात की साधारण ६० हजार अणूंमागे एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झालेला असतो. अख्ख्या इचलकरंजीतून चार-पाच माणसं शेजारच्या गावाला गेली, इतकंच. आणि हे कमाल मर्यादेचं सांगतोय, कंगव्यावर त्याहून कमीच असतं. एवढ्यावर कागद उडतो, ठिणगी पडते, फिल्म रोलरला गुंडाळून बसते. म्हणूनच हा विषय इतका लहरी आहे. ६० हजारात एकाचा खेळ असेल तर बोटाचा घाम, धुळीचा कण, काल कशाने पुसलं होतं, सगळ्याने निकाल बदलतो.

आता घासण्याचं. शाळेत काचेची कांडी रेशमाने घासा आणि एबोनाइट (कडक रबर) लोकरीने घासा असं शिकवतात, त्यामुळे डोक्यात बसतं की घर्षणामुळे, म्हणजे जोर लावल्यामुळे आणि गरम झाल्यामुळे चार्ज येतो. घासणं लागतंच असं नाही. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना टेकणं आणि मग सुटणं एवढं पुरतं. मुलाला हा प्रयोग करायला सांगा, कंगव्यापेक्षा भारी आहे. साधी सेलोटेप घ्या, टेबलावर एक पट्टी चिकटवा, तिच्यावर बरोबर दुसरी चिकटवा, टोकाला दुमडून पकडायला जागा ठेवा आणि वरचीवर 'व', खालचीवर 'ख' लिहा. अशीच आणखी एक जोडी बाजूला करा. आता जोडी टेबलावरून हळूच एकत्र उचला, एकदा तिच्या पाठीवरून बोट फिरवा म्हणजे टेबलावरून सुटतानाचा चार्ज निघून जाईल, आणि मग दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून झटक्यात ओढून वेगळ्या करा. 'व' आणि 'ख' जवळ आणा, एकमेकींकडे झेप घेतात. दुसऱ्या जोडीतली 'व' पहिल्या 'व' जवळ आणा, दोघी तोंड फिरवतात. घासलं कुठे? कुठेच नाही. आणि १७३३ मध्ये द्यु फे नावाच्या फ्रेंच माणसाने जे शोधलं, की वीज दोन प्रकारची असते, सारखी ढकलते आणि वेगळी ओढते, ते सगळं दहा रुपयांच्या टेपमध्ये घरबसल्या दिसतं. (हीच टेप निर्वात पोकळीत सोलली तर त्यातून क्ष-किरण निघतात, २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोकांनी त्यावर बोटाचा एक्स-रे काढून दाखवला होता. घरी हवेत सोलल्यावर असं काही होत नाही, घाबरू नका.)

मग घासल्याने जास्त का येतो? कारण दोन वस्तू टेकल्या असं आपण म्हणतो तेव्हा त्या प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी टेकलेल्या असतात, पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्म पातळीवर उंचवटेच उंचवट्यांना भिडतात. घासताना नवेनवे उंचवटे भिडत राहतात आणि सुटत राहतात, म्हणजे एका फटक्यात हजारो टेकणं-सुटणं होतं. कंगवा फिरवणं म्हणजे हेच. घासण्याने पृष्ठभाग थोडा खरवडला जातो, गरम होतो, त्याचाही वाटा असतो, पण तो नंतरचा.

व्होल्टेज इतकं कसं होतं ही खरी गंमत आहे आणि ही पुस्तकात सहसा सांगत नाहीत. टेकलेल्या अवस्थेत दोन वस्तूंमधला फरक व्होल्टच्या आतबाहेरच असतो, समजा अर्धा व्होल्ट. अंतर असतं नॅनोमीटरच्या घरात. आता तुम्ही त्यांना ओढून लांब नेता, चार्ज तोच राहतो पण अंतर वाढलं की कपॅसिटन्स, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला चार्ज धरायची क्षमता, घसरतो, आणि चार्ज तोच असताना कपॅसिटन्स घसरला की व्होल्टेज चढतं. एक नॅनोमीटरचं एक मिलिमीटर झालं म्हणजे अंतर दहा लाख पट झालं, मोठ्या सपाट पृष्ठभागाचा हिशोब धरला तर अर्ध्या व्होल्टचे पाच लाख व्होल्ट. प्रत्यक्षात तेवढे कधीच मिळत नाहीत, कारण सुटतासुटताच बराच चार्ज मागे पळतो आणि बाकीच्याला हवा फुटून मर्यादा पडते, पण हजारो व्होल्ट सहज उरतात. ऊर्जा कुठून आली? तुमच्या हातातून, ओढायला जे बळ लावलं त्यातून. मशीनवर मोटरमधून. टेकताना फक्त वाटणी झाली, व्होल्टेज चढलं ते सोडवताना.

हे समजलं की वेगाचंही समजतं. सावकाश सोडवलं तर चार्जला मागे पळायला वेळ मिळतो, झटक्यात सोडवलं तर तो अडकून राहतो. म्हणून वार्पिंगला (विणण्याआधी ताण्याचे धागे गुंडाळायचं काम) मशीन इंचिंगवर, म्हणजे अगदी हळू, असताना पॉलिस्टरचे धागे शहाण्यासारखे सरळ चालतात आणि स्पीड वाढवला की फुलायला लागतात. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: क्रीलवरून, म्हणजे धाग्याच्या कोनांच्या सांगाड्यावरून, शेकडो धागे समांतर येतात, फणीतून जातात आणि बीम नावाच्या मोठ्या रिळावर गुंडाळले जातात. प्रत्येक धागा गाइडवरून आणि फणीच्या दातावरून जाताना चार्ज होतो, सगळे एकाच जातीचे म्हणून सगळ्यांवर एकच चिन्ह, म्हणून प्रत्येक धागा शेजारच्याला ढकलतो. फणी आणि बीमच्या मधल्या मोकळ्या जागेत धागे फुगून बाहेर येतात, सुटलेले बारीक तंतू उभे राहतात, शेजारच्या धाग्यात अडकतात आणि तुटतात. बीमजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहून कोळ्याचं जाळं लागल्यासारखं वाटतं. नवीन पोरगा 'मशीनला करंट येतोय' म्हणून वायरमनला बोलावतो, वायरमन टेस्टर लावतो, काहीच नसतं.

कोण धन होणार आणि कोण ऋण, याची एक यादी असते. १७५७ मध्ये विल्के नावाच्या स्वीडनमधल्या माणसाने पहिली केली, नंतर अनेकांनी केल्या. मोटामोटी वरून खाली सांगायचं तर काच, माणसाचे केस, नायलॉन, लोकर, रेशीम हे धनाच्या बाजूला, कागद आणि सुती कापड मधेच कुठेतरी, आणि मग रबर, पॉलिस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी आणि तळाला टेफ्लॉन हे ऋणाच्या बाजूला. वरचं खालच्याला टेकून सुटलं की वरचं धन, खालचं ऋण. म्हणून लोकरीचा स्वेटर टेरिलिनच्या (म्हणजे पॉलिस्टरच्याच) शर्टावरून काढताना अंधारात चटचट आवाज येतो आणि निळसर ठिणग्या दिसतात, दोघं यादीत लांबलांब आहेत. सुती बनियनवरून काढला तर बरंच कमी.

पण ही यादी पाठ करून परीक्षेत लिहायला ठीक, कामाला लावताना तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. दोन पुस्तकांतल्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. काच, जस्त आणि रेशीम यांची अशी साखळी नोंदलेली आहे जी गोल फिरते, म्हणजे कुणीच सगळ्यात वर नाही. बाजारातलं 'पॉलिथिन' म्हणजे नुसतं पॉलिथिन नसतंच, त्यात स्लिप (फिल्म घसरावी म्हणून), अँटिब्लॉक (थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून), रंग, काय काय घातलेलं असतं, आणि पृष्ठभागावर तेच येऊन बसतं. मी तर मशीनवर यादी बघतच नाही, चार्ज मोजायचा मीटर लावतो आणि चिन्ह वाचतो.

'इलेक्ट्रॉन का जातात' याचं खरं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही, आणि हे मुलाला आवर्जून सांगा, कारण पाठ्यपुस्तक वाचून वाटतं की दीडदोनशे वर्षांपूर्वीच सगळं संपलं. धातू-धातूचं कोडं सुटलेलं आहे. प्रत्येक धातू आपल्या इलेक्ट्रॉनला किती घट्ट धरतो ते वेगळं असतं, टेकले की सैल धरणाऱ्याकडून घट्ट धरणाऱ्याकडे थोडे जातात. पण प्लॅस्टिकमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे नसतातच, ते बंधात अडकलेले, त्यांना उपटायला जी ऊर्जा लागते ती साध्या टेकण्याने मिळायला नको. तरीही चार्ज जातो. काही जण म्हणतात इलेक्ट्रॉनच जातात, पृष्ठभागावरच्या दोषांच्या जागांमधून. हार्वर्डच्या व्हाइटसाइड्सच्या गटाने आयनांची बाजू मांडली, की पृष्ठभागावर हवेतल्या पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यातले आयन एकीकडे जास्त जातात. तिसरं म्हणजे पदार्थाचे बारीक तुकडेच एकावरून दुसऱ्यावर चिकटतात आणि चार्ज सोबत नेतात. माझं मत विचाराल तर तिन्ही होतं, कुठे कोणतं जास्त ते जोडीवर ठरतं.

मधल्या काळात दोन-तीन गोष्टी अशा निघाल्या की आमच्यासारख्यांना वाचून बरं वाटलं, कारण मशीनवर जे दिसायचं त्याला आधार मिळाला. २०११ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की घासलेला पृष्ठभाग सरसकट धन किंवा ऋण नसतो, त्यावर धन-ऋण दोन्हींचे सूक्ष्म ठिपके असतात आणि आपण मोजतो ती फक्त उरलेली बाकी. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातल्या मार्क्सच्या गटाने म्हटलं की उंचवटा दाबला जाऊन वाकतो तेव्हाच त्या वाकण्यामुळे विद्युतक्षेत्र तयार होतं, चार्ज ढकलण्याला ते पुरेसं असू शकतं. आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रियात एकाच सिलिकॉन पॉलिमरचे एकसारखे तुकडे घेऊन प्रयोग झाला. सुरुवातीला कोण धन होईल काही नेम नव्हता, पण जसजसे ते पुन्हापुन्हा टेकवले तसतशी त्यांची आपोआप एक यादी तयार झाली, जो जास्त वेळा टेकलाय तो ऋणाकडे झुकला. म्हणजे वस्तू काय आहे एवढंच महत्त्वाचं नाही, तिने आधी किती जणांना टेकून झालंय तेही. नवीन रबर रोलर बसवला की पहिले काही दिवस स्टॅटिक वेगळंच वागतं हे कुठल्याही जुन्या ऑपरेटरला विचारा.

आता पावसाळा. लोक म्हणतात 'ओलसर हवेतून चार्ज निघून जातो'. हवेतून फार काही जात नाही, जातो तो वस्तूच्या अंगावरच्या पाण्याच्या पातळ थरातून. हवेत दमटपणा वाढला की पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा ओलावा बसतो आणि त्यातून चार्ज पसरतो, मिटतो. कापडवाल्यांकडे याचे आकडे पक्के असतात, कारण सूत वजनावर विकतात. २७-२८ डिग्रीच्या खाली-वर न जाता ६५ टक्के दमट हवेत ठेवलं तर सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४, आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४. म्हणून सुती सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांट (हवा दमट ठेवणारी यंत्रणा) नीट चालवला की स्टॅटिकचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो आणि पॉलिस्टरला तोच प्लांट चालवूनही पुरत नाही.

मग पॉलिस्टरचं काय करतात? तेल लावतात. धागा बनतानाच त्याला स्पिन फिनिश नावाचं तेलकट मिश्रण देतात ज्यात हवेतला ओलावा धरून ठेवणारी रसायनं असतात. यावरून तुमच्या मुलाच्या कंगव्याचंही उत्तर मिळतं, डोक्याला तेल चोपडलेलं असेल तर कंगवा केसाला टेकतच नाही, तेल तेलाला टेकतं. प्रयोग करायचा तर शांपूने धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या केसांवर, धुऊन पुसलेल्या कंगव्याने, आणि कोरड्या हवेत. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये केला तर मुलगा म्हणेल विज्ञान खोटं आहे. पुण्या-सोलापूरकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी करा. विदर्भात एप्रिल-मेमध्येही मस्त होतो, कारण लागतो तो कोरडेपणा, थंडी नव्हे. अमेरिकेत गेलेली पोरं हिवाळ्यात फोनवर सांगतात की इथे लिफ्टचं बटण दाबलं तरी चटका बसतो, त्याचं कारणही तेच: बाहेरची उणे पाच डिग्रीची हवा घरात घेऊन बावीसपर्यंत तापवली की तिचा सापेक्ष दमटपणा १५ टक्क्यांवर येतो, शिवाय पायाखाली कार्पेट.

कपटे का उचलले जातात हेही सांगून टाकतो, कारण कागदावर तर चार्ज नव्हता. कंगवा ऋण, तो जवळ आला की कागदातले ऋण थोडे मागे रेटले जातात आणि जवळच्या कडेला धन जास्त होतं, जवळची ओढ लांबच्या ढकलण्यापेक्षा मोठी म्हणून कपटा उडी मारतो. नीट बघितलं तर काही कपटे कंगव्याला टेकून क्षणभर थांबतात आणि मग जोरात उडून जातात. त्यांनी कंगव्याकडून थोडा चार्ज घेतला, आता दोघं एकाच चिन्हाचे. कोरड्या कागदाला हे घ्यायला वेळ लागतो, चांदीच्या कागदाचा तुकडा मात्र लगेच उडतो. दोन्ही करून बघा.

आता चटका. माणसाचं शरीर म्हणजे साधारण १०० ते २०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे चार्जची छोटीशी टाकी. गाडीच्या सीटवरून घसरत उतरताना कपडा सीटपासून सुटतो, म्हणजे टेकणं-सुटणं झालं, आणि रबरी सोलचे बूट असल्यामुळे तुमच्यावरचा चार्ज जमिनीत जात नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेनिंगमध्ये एक तक्ता सगळीकडे दाखवतात, त्यात कोरड्या हवेत गालिच्यावर चालणाऱ्या माणसावर ३५ हजार व्होल्टपर्यंत, आणि ६५ टक्क्यांच्या वर दमट हवेत तोच आकडा दीड हजार. साधारण ३ हजारांच्या खाली आपल्याला चटका कळतच नाही. समजा १० हजार व्होल्ट आणि १०० पिकोफॅरड, चार्ज झाला एक मायक्रोकूलंब आणि ऊर्जा ५ मिलिज्यूल. शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला तर पहिल्या क्षणी करंट साडेसहा अँपिअर निघतो, आकडा बघून छाती दडपते, पण १५० नॅनोसेकंदात तो विझायला लागतो. हृदयाला त्याची दखल घ्यायला वेळच मिळत नाही. घरातले २३० व्होल्ट मारतात कारण ते सोडत नाहीत, मागे अख्खं वीजमंडळ उभं असतं.

मात्र माणूस मरत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणात हवेत मिसळली असेल तर ती पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास पुरे होते, आणि तुमच्या बोटात ५ आहेत. म्हणून पेट्रोल भरताना गाडीत बसून पुन्हा उतरलात तर आधी टाकीपासून लांब असलेल्या धातूला हात लावा. छपाईच्या कारखान्यात जिथे फिल्मवर सॉल्व्हंटची शाई लागते तिथे हा रोजचा विषय असतो, वाफ तयारच असते आणि फिल्म रोलरवरून मिनिटाला शेकडो मीटर सुटत असते. अशा ठिकाणी आग लागली की लोक आधी शॉर्टसर्किट म्हणतात.

गाडीच्या चटक्याला सोपा उपाय: सीटवरून उठायच्या आधी दाराची धातूची चौकट पकडा आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडू नका. चार्ज साठायच्या आत निघत राहतो. साठलाच असेल तर बोटाऐवजी किल्लीच्या टोकाने दार टेका, ठिणगी किल्लीवर पडते, करंट हातभर पसरून जातो, टोचत नाही.

यापुढचं कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी, पण तुम्हीही वाचा, कारण यात विषयाचं मर्म आहे. स्टॅटिकचा त्रास झाला की पहिली आज्ञा निघते 'अर्थिंग करा'. खड्डा खणतात, कोळसा-मीठ भरतात, जाड तांब्याची पट्टी मशीनच्या बॉडीला जोडतात, बिल निघतं आणि फिल्म पूर्वीसारखीच रोलरला चिकटते. होणारच. अर्थिंग धातूला आणि माणसाला लागू पडतं, कारण त्यांच्यातून चार्ज वाहतो. पॉलिस्टर फिल्मच्या मधोमध बसलेला चार्ज बाजूच्या धातूपर्यंत चालत जाऊ शकत नाही, तुम्ही तिथे तांबं लावा की सोनं. मशीनचं अर्थिंग हवंच, ठिणग्या आणि माणसाच्या जिवासाठी हवं, पण ते फिल्मवरचा चार्ज काढत नाही. चार्ज जाऊ शकत नसेल तर विरुद्ध चार्ज त्याच्यापाशी आणून द्यावा लागतो, आणि तो हवेतून येतो.

सगळ्यात स्वस्त उपाय टिन्सेल, तांब्याच्या बारीक तारांची झुपकेदार दोरी, दिसायला झिरमिळ्यांच्या माळेसारखी. ती फिल्मच्या आडवी, अर्ध्या ते एक सेंटीमीटरवर ताणून बांधायची आणि तिची दोन्ही टोकं पक्की अर्थ करायची. फिल्मवरच्या चार्जमुळे तारांच्या टोकांशी क्षेत्र एवढं दाट होतं की तिथली हवा फुटून आयन होतात आणि विरुद्ध चिन्हाचे आयन फिल्मवर जाऊन बसतात. फ्रँकलिनने टोकदार सुईचं जे बघितलं होतं तेच. याची मर्यादा अशी की चार्ज कमी झाला की हवा फुटणं थांबतं, म्हणजे काही हजार व्होल्ट मागे राहतातच. त्याहून खाली न्यायचं तर सुयांचा पॉवरवाला बार लागतो, सुयांना ५-७ हजार व्होल्ट एसी देतात, तो आपणहून धन-ऋण दोन्ही आयन फवारतो आणि फिल्म पाहिजे ते घेते.

बार कुठे लावायचा यातच सगळी कला आहे. फिल्म धातूच्या रोलरवर टेकलेली असताना मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, कारण खालच्या धातूत विरुद्ध चार्ज ओढला गेलेला असतो आणि क्षेत्र दोघांतच मिटतं. तीच फिल्म रोलर सोडून हवेत आली की मीटर एकदम उडतो. कित्येक ठिकाणी बार बरोबर रोलरच्या डोक्यावर लावलेला असतो कारण तिथे ब्रॅकेट बसवायला सोपं पडतं. तिथे आयन फिल्मकडे ओढलेच जात नाहीत. बार मोकळ्या टप्प्यात लावा, रोलर सुटल्यावर हातभर पुढे, मागे-खाली धातू नको. आणि मीटरही तिथेच, नेहमी एकाच अंतरावर, एक इंचाचा मीटर असेल तर एक इंचावरच धरा. चार्ज फिल्म घसरते तिथे शोधत बसू नका, ती ज्या रबरी निप रोलरपासून (फिल्म दाबून ओढणाऱ्या रोलरपासून) सुटते तिथे बघा, दहापैकी नऊ वेळा मूळ तिथेच निघतं. आणि सुयांवर धूळ-तंतू बसून बार मेलेला असतो, लाल दिवा मात्र जळत असतो, म्हणून बार बंद करून दर आठवड्याला सुक्या ब्रशने सुया साफ करायच्या. नवीन बारची ऑर्डर देण्याआधी एवढं करून बघा.

स्टॅटिक नेहमी शत्रूच असतं असंही नाही. झेरॉक्स मशीनमधली काळी पावडर दुसऱ्या कणांवर घासूनच चार्ज केलेली असते, म्हणून ती ड्रमवर हवी तिथेच बसते. भंगारातलं पीव्हीसी आणि पेटच्या बाटल्यांचे तुकडे दिसायला सारखे आणि वजनालाही जवळपास, ते एकमेकांवर घोळवून चार्ज करतात आणि दोन प्लेटांच्या मधून सोडतात, एक इकडे पडतं, दुसरं तिकडे. चालण्यातून वीज काढायची उपकरणं २०१२ पासून जॉर्जिया टेकच्या वांग यांच्या गटाने पुढे आणली, व्होल्टेज भरपूर येतं, करंट अजून तुटपुंजाच.

शेवटी तुम्ही कॉम्प्युटर उघडून रॅम बदलण्याबद्दल विचारलं होतं. चिपला तुम्हाला न जाणवणारे काही शे व्होल्टही पुरतात, आणि ३ हजारांच्या खाली तुम्हाला काही कळणारच नाही, म्हणून 'मला तर शॉक बसला नाही' हा पुरावा होत नाही. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, घ्या. त्याच्या वायरमध्ये एक मेगाओहमचा रोध बसवलेला असतो, काही जण 'अर्थ नीट लागत नाही' म्हणून तो कापून साधी वायर जोडतात, तसं करू नका. स्टॅटिक काढायला मेगाओहम भरपूर झाला, क्षणार्धात निघतं. तो रोध तुमच्यासाठी आहे: पट्टा अर्थला बांधलेला असताना दुसरा हात चुकून २३० व्होल्टच्या वायरला लागला तर त्याच्यामुळे करंट पाव मिलिअँपिअरवर अडतो.